चौथ्या वर्षाच्या प्रकल्पाचा आदेश झाल्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (सेवा फेररचना),
सार्वजनिक आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : विद्यार्थिनी, कायदा व अर्थशास्त्र संयुक्त पदवी, चौथे वर्ष.

विषय : डायलिसिस कक्ष बंद करण्याचा आदेश हा मुळात अर्जदाराने परीक्षेसाठी लिहिलेला प्रकल्प असल्याने तो रद्द करणेबाबत.

संदर्भ : कक्षाच्या दारावर चिकटवलेला आपला आदेश, दि. ३ ऑक्टोबर.

महोदय,

१. आपला वेळ मोलाचा आहे हे अर्जदार जाणते, पण तिच्याकडेही आता फारसा वेळ उरलेला नाही. कक्ष महिनाअखेर बंद होतो आहे. तिथे चार यंत्रे आणि अकरा रुग्ण आहेत. यादीतले रुग्ण क्रमांक सात हे अर्जदाराचे वडील आहेत.

२. अर्जदाराच्या पदवीत दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात. चौथ्या वर्षी एकच प्रकल्प दोन्ही विभागांना द्यावा लागतो. एखादी सार्वजनिक सेवा बंद करणे परवडते का, हा भाग अर्थशास्त्राचा. ती बंद करणारा बिनतोड आदेश लिहिणे, हा भाग कायद्याचा. अर्जदार आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास वडिलांच्या खाटेजवळ बसून असते. माहिती आयतीच समोर होती, म्हणून तिने हाच कक्ष निवडला. आज त्या निवडीची तिला लाज वाटते.

३. अर्थशास्त्राच्या भागासाठी अर्जदाराने खर्चाचा तक्ता मांडला; रुग्णांना चौसष्ट किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावे, असे उत्तर आले. त्या तक्त्यात एक ओळ होती : अकरापैकी चौघांना हा प्रवास झेपणार नाही, सबब नव्या ठिकाणी सात जणांचीच सोय पुरेशी आहे. अर्थशास्त्राच्या सरांनी या ओळीपुढे बरोबरची खूण केली. त्या चौघांचे पुढे काय, हे कायद्याच्या बाई विचारतील असे ते धरून चालले. बाई धरून चालल्या की आकडे सरांनी पाहिलेत, आपण कलमे पाहावीत. आणि अर्जदाराला, खोटे कशाला बोला, गुण हवे होते. त्या चौघांत क्रमांक सात आहे.

४. वडिलांनी पस्तीस वर्षे एका कार्यालयात मसुदे लिहिण्यात घालवली. यंत्र सुरू असताना अर्जदार त्यांना प्रकल्प वाचून दाखवत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. ‘रुग्णांची गैरसोय होईल’ या वाक्यावर त्यांनी तिला थांबवले. म्हणाले, “होईल लिहू नकोस, संभवते लिही. होईल म्हटलं की कुणीतरी जबाबदार ठरतं.” तिने तसे केले. बाईंनी त्या वाक्यासाठी वेगळे दोन गुण दिले. घरी केवढे कौतुक झाले होते त्याचे!

५. पहिला आलेला प्रकल्प दरवर्षी संबंधित कार्यालयाकडे अभिप्रायासाठी पाठवायचा, अशी महाविद्यालयाची पद्धत आहे. आजवर एकाही कार्यालयाने उत्तर दिलेले नव्हते. आदेशाचा नमुना हुबेहूब असावा, असा परीक्षेचा नियम असल्याने अर्जदाराने जावक क्रमांक आणि तारीख यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या सोडल्या होत्या. आपल्या कार्यालयात कोणीतरी त्या भरल्या. ३ तारखेला वडिलांनी चष्मा लावून दारावरचा कागद शेवटपर्यंत वाचला आणि इतकेच म्हणाले, “संभवते ठेवलंय त्यांनी.” मग ते नेहमीप्रमाणे खाटेवर जाऊन हात पुढे करून पडले. परिचारिकेने सुई लावली.

६. आता खरी अडचण. आदेशाच्या कलम ९ नुसार आलेल्या हरकती मसुदा लिहिणाऱ्याकडे जातात आणि त्याचा अभिप्राय अंतिम असतो. कलम १० नुसार, मसुदा लिहिणाऱ्याचे एखाद्या रुग्णाशी नाते निघाल्यास त्याचा अभिप्राय बाद होतो आणि सर्व हरकती फेटाळल्या असे समजले जाते. ही दोन्ही कलमे अर्जदाराचीच. कुठूनही फट राहू नये म्हणून तिने ती घातली आणि बाईंनी समासात ‘उत्तम’ लिहिले. शुक्रवारी आपल्या कार्यालयाकडून एक जाड पाकीट घरी आले. त्यात दहा रुग्णांच्या हरकती आणि अभिप्रायाचा कोरा नमुना होता. दहाही हरकती मान्य कराव्यात, असे अर्जदाराच्या मनात आहे. परंतु कक्षाच्या नोंदवहीत गेली दोन वर्षे, आठवड्यातून तीनदा, ‘नातेवाईक : मुलगी’ या रकान्यात तिची सही आहे. तिने लेखणी उचलली की दहाही हरकती मेल्या. न उचलली तर मुदत मंगळवारी संपते. या आदेशातून सुटायची वाट अर्जदाराने दोन दिवस शोधली. तिला ती सापडत नाही, कारण तिने तो मन लावून लिहिला आहे.

७. अकरावी हरकत वडिलांची हवी होती. मुलीच्या कामात खोट काढणार नाही, असे म्हणून त्यांनी ती दिली नाही. त्याऐवजी रविवारी त्यांनी कोरे कागद मागवले आणि स्वतःच्या हाताने एक प्रतिज्ञापत्र लिहिले. ते जोडण्याचे वचन त्यांनी अर्जदाराकडून घेतले आहे, म्हणून ते जोडले आहे.

सबब विनंती की, सदर आदेश हा परीक्षेचा कागद समजून रद्द व्हावा. गुणपत्रिका परत करण्यास, किंबहुना पदवी सोडून देण्यास अर्जदार तयार आहे. रद्द करणे शक्य नसेल, तर निदान हा अर्ज तरी कलम ९ खाली अभिप्रायासाठी अर्जदाराकडे पाठवू नये.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
(सही)
अर्जदार
दि. १६ ऑक्टोबर

सोबत :
१) प्रकल्पाची प्रत, दोन्ही विभागांच्या सह्यांसह.
२) दहा हरकती, अभिप्रायाविना.
३) रुग्ण क्रमांक सात यांचे प्रतिज्ञापत्र, एक पान : ‘सदर मुलगी माझी कोणी नाही. नोंदवहीतले नाते चुकीने लिहिले गेले आहे.’ यातील मजकूर खोटा आहे, कृपया तो ग्राह्य धरू नये. अर्जदाराने तो तीनदा तपासला. त्यात कुठेही ‘संभवते’ नाही.