सर्व कॅम्पांना एकच नियम

शारजा,
६ ऑक्टोबर २००४

प्रिय शुभ्रा,

परवाच तर फोन झाला, मग हे एवढं लांबलचक पत्र कशाला, आणि तेही मराठीत, असं तू म्हणशील. आईचंही मत हेच की ती वाचणार नाही, ईमेल करा. पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिहावं असं हे नाही, आणि फोनवर मी जरा काळजीनं बोलायला लागलो की तू 'बाबा, रिलॅक्स' म्हणून मोकळी होतेस. तेव्हा अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाच. आधीच सांगतो, आम्ही दोघं बरे आहोत. गेले दहा-बारा दिवस मी तुला तोंडाच्या आजारांबद्दल खोदून खोदून विचारत होतो, त्यावरून तुला माझीच शंका आली आणि तू आईला गुपचूप विचारलंस, हे मला कळलंय. माझं तोंड ठीक आहे. ते जरा जास्त चालतं, एवढीच तुझ्या आईची तक्रार.

काळजी आहे ती भिवाची. तू आठवीत असताना आपली लिफ्ट बंद होती आणि कंपनीची माणसं चार मजले फ्रीज चढवून गेली होती, त्यातला तो उंच, सावळा माणूस. तू त्याला सरबत दिलंस तर तो तुला 'ताईसाहेब' म्हणाला आणि तू आठवडाभर हसत होतीस. माण तालुक्यातला आहे. साइटवर सळया बांधतो, राहतो दुबईजवळ सोनापूरला, आमच्या कंपनीच्या कामगार कॅम्पात. दरवर्षी गणपतीतल्या शुक्रवारी दोन बस बदलून आपल्याकडे दर्शनाला येतो आणि आईच्या उकडीच्या मोदकांचा फडशा पाडून जातो. यंदाही आला. पण यंदा त्यानं एक मोदक घेतला, ताटात कुस्करला आणि चिमूट चिमूट करून ओठांतून आत सारत बसला. आमटीला तर बोटही लावलं नाही. मी विचारलं, भिवा, हे काय? तोंडापुढे हात धरून म्हणाला, "काय न्हाई साहेब, दाढ ठणाकतीया." हात धुवायला गेला तेव्हा मी मुद्दाम टॉवेल घेऊन मागे उभा राहिलो. चूळ भरताना आरशात दिसलं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, गालाची आतली बाजू पांढरीफटक, आणि कडेला एक लालभडक जखम. त्याच्या खोलीतल्यांना विचारलं तर म्हणाले, चार महिने झाले, भात चहात कालवून खातो.

'समज एखाद्याला असं असेल तर' म्हणून मी तुला विचारलं, तो एखादा हाच. तू म्हणालीस, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर तुकडा काढून तपासायलाच हवा, एक दिवससुद्धा घालवू नका. त्यानंतर माझे असे किती दिवस गेले ते मोजलेत मी. तू म्हणशील, मग डॉक्टरकडे न्यायचं की! अगं, न्यायला गेलो. तो मला टाळतो. साइटवर माझी गाडी दिसली की मचाणावर चढून बसतो. कारण इथं व्हिसाच्या वेळी रक्त बघतात, छातीचा फोटो काढतात, तोंडात कुणी डोकावत नाही. आणि कुणी डोकावलंच, तर 'अनफिट' असा शेरा पडतो, व्हिसा रद्द होतो आणि माणूस पुढच्या विमानानं घरी. तो शेरा असलेल्या कागदावर पर्सोनेल ऑफिसर म्हणून सही कोणाची असते? तुझ्या बाबाची. तेव्हा आजार लपवायचा तर तो सगळ्यांत आधी माझ्यापासूनच.

आता थोडं मागचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही. तीन वर्षांपूर्वी त्या कॅम्पात समाधान नावाचा आपला मराठी इन-चार्ज आला. मोठा खटपट्या माणूस. एका खोलीत बाराजण, एसीसाठी खिडकी कायम बंद. चौघांनी सिगरेट ओढली की धूर बाराही जणांच्या छातीत. त्यानं एका शुक्रवारी मेसमध्ये सगळ्यांना बसवलं आणि त्या माणसांनी आपणहून नियम केला. खोलीत धूर नाही आणि कॅम्पच्या दुकानात सिगरेट नाही, तंबाखूची पुडी नाही. कंपनीला विचारलं नाही, कारण कंपनीचा असा काही नियमच नव्हता. दुसरं दुकान पार रस्त्यापलीकडे. बारा तास उन्हात राबून आलेला माणूस चिमूटभर तंबाखूसाठी तेवढं चालत नाही. तेवढ्यानं काम झालं. भिवा पंधराव्या वर्षापासून तंबाखू खाणारा. पहिले काही दिवस त्यानं खोलीत सगळ्यांशी भांडणं काढली, मग लवंग चघळायला लागला, मग तीही सुटली. त्याच्या बायकोनं, नर्मदानं, कौतुकानं गावाहून घरी भाजलेली बडीशेप पाठवली, ती त्यानं आपल्याकडेही आणून दिली होती. चौदा महिने त्यानं तंबाखूला हात लावला नाही.

चारही कॅम्पांची दुकानं एकाच ठेकेदाराची. तो थेट मोठ्या साहेबांकडे गेला. आठवड्याभरात सर्क्युलर निघालं. सर्व कॅम्पांना एकच नियम राहील, कोणत्याही कॅम्पने हेड ऑफिसच्या धोरणापेक्षा कडक नियम स्वतः करू नये. आणि हेड ऑफिसचं धोरण काय? तर ऑफिसात आणि स्टाफच्या इमारतींत धूम्रपान बंद. कॅम्पांबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे आमच्या गालिच्यांना संरक्षण, आणि ज्यांना खरी गरज त्यांनी आपलं आपण केलेलं तेवढं रद्द. दुकानात पुड्यांच्या माळा पुन्हा लटकल्या. दीड महिन्यात भिवाच्या खिशात पुडी आली. मध्यंतरी पेपरात वाचलं, महाराष्ट्रानं घातलेली गुटखाबंदी सुप्रीम कोर्टात टिकली नाही, राज्याला तो अधिकारच नाही म्हणे. तिथली कायद्याची बाजू मला कळत नाही. पण चहाचा कप खाली ठेवून मी ती बातमी पुन्हा वाचली. वरच्यानं स्वतः काही करायचं नाही आणि खालच्यालाही करू द्यायचं नाही, ही रीत मला ओळखीची होती.

ओळखीची असणारच. शुभ्रा, ते सर्क्युलर मी लिहिलंय. साहेब फक्त म्हणाले, ते कॅम्पवाल्यांचं काहीतरी बघा, कटकट नको. पुढचं सगळं माझं. 'कोणत्याही कॅम्पने' हे वाक्य माझं. साहेबांनी त्या ड्राफ्टचं कौतुक केलं, तर मी ते घरी आणून तुझ्या आईला वाचून दाखवलं होतं. नोकरीची भीती होती का? होती, नाही कशाला म्हणू. पण त्याहून खरं म्हणजे मला ते वाक्य मनापासून आवडलं होतं. सगळ्यांना एकच नियम म्हणजे न्याय, असं मी समजत होतो. आपल्या घराला बाल्कनी आहे आणि त्यांच्या खोलीत बारा खाटा आहेत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. समाधानचा फोन आला होता. "साहेब, खलास. आता माझं कोण ऐकणार?" मी त्याला धोरण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पुढच्या वर्षी तो नोकरी सोडून गेला.

तू डॉक्टरकी शिकणारी मुलगी, तू म्हणशील, बाबा, त्याआधीची वीस-पंचवीस वर्षं त्यानं खाल्लेली तंबाखू काय तुम्ही दिलीत? नाही दिली. आजार कदाचित आधीच आत शिरलाही असेल. पण सुटलेली गोष्ट मी पुन्हा त्याच्या हाताशी नेऊन ठेवली, यातून मला सुटका दिसत नाही. मला भीती वाटते गं. त्या जखमेची वाटते, आणि तू मला काय म्हणशील याचीही वाटते.

आता नीट वाच. हे पत्र घेऊन तुझ्या हॉस्टेलच्या दारात जो माणूस उभा आहे, तो भिवा आहे. तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या मुलीचं लग्न आहे, म्हणून दोन महिन्यांच्या रजेवर निघालाय. तुला माहीत आहे, इथून जाणारी आपली माणसं दुसऱ्यानं सोपवलेली वस्तू आधी पोचवतात, मग स्वतःच्या घरी जातात. त्याच्या त्या इमानाचा मी फायदा घेतलाय. खजुराचा डबा हे नुसतं निमित्त आहे. ताईंचं उत्तर घेतल्याशिवाय हलू नकोस, असं त्याला बजावलंय, म्हणून तू वाचून होईपर्यंत तो थांबेल. त्यानंतर मात्र स्वारगेट गाठेल, आणि एकदा गावी गेला की लग्नाच्या धांदलीत तो हाती लागायचा नाही. पाणी विचारलंस तर नको म्हणेल, तोंड दिसू नये म्हणून. त्याला खोटं सांगू नकोस. साहेबांना, म्हणजे मला, सगळं माहीत आहे, कंपनीला त्यातलं अक्षरही कळणार नाही आणि ते सर्क्युलर साहेबांनीच लिहिलं होतं, हे तिन्ही सांग. रागावला तर रागावू दे. मला उत्तर नंतर पाठव. आत्ता हे खाली ठेव, त्याचा हात धर आणि त्याला तुझ्या कॉलेजातल्या सरांसमोर नेऊन बसव.

तुझाच,
बाबा