प्लायवूडची लिफ्ट

३ फेब्रुवारी

लिफ्ट प्लायवूडची आहे. आरसा तेवढा खरा. एक भिंत काढून तिथे कॅमेरा लावतात. सबंध सिनेमा या लिफ्टमध्ये आणि पडद्यावर मी एकटी — अडकलेली. सोबतीला फोनवर बहिणीचा आवाज. आयुष्यभर नाटकांत इतरांना चहा आणून दिला. आज मला कुणीतरी चहा विचारला!

घरी हे म्हणाले, "दिवसभर तूच बोलणार? मग घरी जरा शांतता."

४ फेब्रुवारी

तोच प्रसंग पुन्हा पुन्हा. दिग्दर्शक हळूच म्हणाला, "ताई, घाबरताय छान. पण खोटं वाटतंय." का, ते त्यालाही सांगता येईना. बहिणीचे संवाद त्याचा सहायक वाचतो, पत्ता सांगावा तसे. खापर त्याच्यावर फोडावंसं वाटलं. फोडलं नाही.

५ फेब्रुवारी

निर्मात्याला माझं काम पसंत नाही. उद्या एक मोठी नटी 'सेट बघायला' येणार आहे. म्हणजे कशाला, ते कळायला फार अक्कल लागत नाही.

६ फेब्रुवारी

सकाळी आतापर्यंतचं चित्रण मागून घेऊन पाहिलं. तेव्हा दिसलं. दर वाक्याला मी काढलेल्या भिंतीकडे वळते. प्रेक्षक तिकडे, ही अंगात मुरलेली सवय. बंद लिफ्टमधली बाई कुणाकडे वळेल?

म्हटलं, भिंत लावा.

कॅमेरावाला म्हणाला, "आणि कॅमेरा कुठे ठेवू? डोक्यावर?"

"हो. डोक्यावर."

सुताराने छताला भोक पाडलं, भिंत ठोकली. तेवढ्यात नटी आली. कॅमेरावाला शिडीवर, सहायक शिडी धरून. संवाद वाचायला कुणी मोकळं नाही. "द्या, मी वाचते," ती म्हणाली.

आत अंधार, प्लायवूडचा वास. फोन वाजला. "अगं, आहेस कुठे तू?" खरंच कुणीतरी माझी काळजी करत होतं. वळायला जागा नव्हती. रडले नाही. दाराच्या फटीत नखं घातली.

भिंत काढली. नटी फोन कानाला धरून तशीच उभी.

७ फेब्रुवारी

आज बोलावणं नाही. कपाट आवरलं. शेवटी ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "ती उंच आहे. लिफ्टमध्ये मावायची नाही."

८ फेब्रुवारी

निर्मात्याचा फोन. नटी सिनेमात आहे. बहिणीचा आवाज ती देणार. अट एकच घातलीय — लिफ्टमधली बाई बदलायची नाही.