बापाच्या रकान्यात तावडे चाळ

१२ जानेवारी, रविवार. लालबाग

आज डॉग शोमध्ये माझ्या बीगल कुत्र्याने, मोतीने, पहिलं बक्षीस घेतलं आणि माटुंग्याच्या देसाईबाई स्वतःहून माझ्याकडे आल्या. त्यांच्या बीगल मादीला जोडीसाठी मोती हवाय. याच बाईंनी मला एकदा पिल्लू द्यायला नकार दिला होता. "खोली केवढी आहे तुमची?" विचारलं आणि उत्तर ऐकून हसल्या.

नाही म्हणायचं कितीदा घोकलं होतं मी. पण हो म्हणाले. खोली केवढी? दहा बाय बाराच आहे, बाई, आणि दुसरीकडून आणलेल्या मादीच्या पोटी मोती तिथेच जन्मला. लहानपणी जिन्याखालच्या गावठी मोतीला अर्धी चपाती घालायचे, त्याचं नाव याला दिलंय. नोंदणीच्या कागदावर पूर्ण नाव 'तावडे चाळ मोती'. आता तुमच्या प्रत्येक पिल्लाच्या वंशावळीत, बापाच्या रकान्यात, आमची चाळ येणार. खोडून दाखवा.