माझी हुर्यो उडवल्याबद्दल

लोरेन, ओहायो
रविवार, १९ एप्रिल

आज सकाळी चर्चला गेलो. दुपारी वॉल्टकडे. संध्याकाळी घरी येऊन दोन अंडी उकडली. सरोवरावरून वारा सुटला आहे, दिवसभर थांबला नाही.

आदरणीय आर्लीन यांस,

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत तो बरा होईल, असं तुमचे डॉक्टर म्हणाले होते. (हवा कोरडी झाली म्हणून जिना सपाट होत नाही, असं तुमच्या बहिणीचं, व्हर्नाचं, मत होतं.) माझी प्रकृती ठीक आहे. वजन वाढलं आहे, कारण नोव्हेंबरात ती गेल्यापासून या गल्लीत ज्यांच्या घरी ओव्हन आहे त्या सगळ्यांनी मला नूडल्स आणि मासे घालून भाजलेल्या पदार्थाची भांडी आणून दिली. रिकामी भांडी परत करायला गेलो की ती भरून मिळतात. आता मी ती परत करत नाही.

पत्रास कारण, वॉल्टच्या गॅरेजमधली आजची बैठक. तुम्हाला फुटबॉलचा तिटकारा आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. (मी थोडक्यात सांगायला लागलो की तेवढ्यात बटाटे शिजून होतात, हेही व्हर्नाचंच मत.) येत्या गुरुवारी सगळे व्यावसायिक संघ कॉलेजच्या खेळाडूंमधून आळीपाळीने एकेक पोरगा उचलतील. कोण कुणाला उचलणार, याचे अंदाज आम्ही मंडळी आधीच्या रविवारी बांधतो. वॉल्ट बायकोचं इस्त्रीचं टेबल मांडतो. ज्याची पाळी असेल त्याने त्यामागे उभं राहायचं, एका संघाच्या वतीने नाव पुकारायचं, आणि बाकीच्यांनी त्याची हुर्यो उडवायची. नाव बरोबर की चूक, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हुर्यो सगळ्यांचीच उडते. एका वर्षी फादर स्टीफन आले होते, त्यांचीही उडवली. जाताना त्यांनी आम्हाला आशीर्वाद दिला, पण परत आले नाहीत.

क्लीव्हलँडची, म्हणजे आपल्या इथल्या संघाची, पाळी कायम व्हर्नाकडे असायची. ती उभी राहिली की जेराल्डीन (शाळेची बस चालवते ती, आवाज त्याच नोकरीत कमावलेला) खुर्चीवर चढून ओरडायची, आणि व्हर्ना टेबलावर मूठ आपटून तिला उत्तर द्यायची. या वर्षी वॉल्टने क्लीव्हलँड मला दिलं.

मी गेलो तो मुळात स्वतःवर ओरडून घ्यायलाच. नोव्हेंबरपासून माझ्याशी कुणी साध्या आवाजात बोललेलं नाही. बँकेतली मुलगी हळू बोलते, न्हावी हळू बोलतो. शेजारचा कुत्राही हल्ली माझ्यावर भुंकत नाही, पण तो म्हातारा झाला आहे. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो, की वॉल्टच्या गॅरेजमध्येही हेच असेल तर पुढच्या वर्षीपासून आपण जायचं नाही.

तिथे हेच होतं. मी पहिलं नाव पुकारलं, ते दुसऱ्याच एका संघासाठी. धिप्पाड, गुणी पोरगा, सगळ्यांच्या तोंडी असलेला. कुणी चूं केलं नाही. मग वॉल्टने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली, शाळेच्या समारंभात उत्तेजनार्थ बक्षिसाला वाजवतात तशी. ऑर्विल (दातांचा डॉक्टर) माझ्या खांद्यावर हात ठेवून "छान, लेस्टर, छान" म्हणाला. दाढ उपटण्याआधी तो असाच बोलतो.

दुसऱ्या पाळीला मी मुद्दाम अशा पोराचं नाव घेतलं, ज्याला गेल्याच वर्षी एका संघाने उचललं आहे आणि जो सध्या तिथे पगार खातो आहे. वॉल्टने थोडा विचार केला आणि म्हणाला, "हं. हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं." पुन्हा टाळ्या.

मग क्लीव्हलँड. पहिल्याच फेरीत मी किकर निवडला. आर्लीन, बाकीचे चेंडू हातात घेऊन धावतात, आणि किकर म्हणजे चेंडूला एक लाथ मारून परत बाकावर जाऊन बसणारा माणूस. त्याला पहिल्या फेरीत उचलणं म्हणजे घर घ्यायला जाऊन दारावरची घंटा घेऊन येणं. शिवाय हा किकर मिशिगनचा, म्हणजे आम्हा ओहायोवाल्यांच्या जुन्या वैऱ्यांकडचा. (तिकडून आलेला चेरीचा मुरंबा तुमच्या वडिलांनी टेबलावर ठेवू दिला नव्हता, तेव्हा तुम्हाला जास्त सांगायला नको.)

ऑर्विल म्हणाला, "लाथ मात्र लांब जाते हं त्याची." वॉल्टने टाळीसाठी हात उचलले.

आणि जेराल्डीन उठली. लालबुंद झाली होती.

"अरे गाढवा! बायकोला पुरलंस तेव्हा तिच्या पेटीत आपलं डोकंही ठेवून आलास की काय? मिशिगनचा किकर? क्लीव्हलँडला? व्हर्ना असती तर याच इस्त्रीच्या टेबलाने बडवलं असतं तुला!"

वॉल्टचे हात हवेतच राहिले. जेराल्डीनने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "व्हर्नाला इस्त्रीचं टेबल कशाला म्हणतात हे तरी ठाऊक होतं का?"

मग जेराल्डीन खुर्चीवर चढली. तिच्यामागोमाग वॉल्टने "हूऽऽ" सुरू केलं, ऑर्विलने चिप्सची पिशवी मला फेकून मारली, आणि समोरच्या घरातली माणसं काय झालं ते बघायला बाहेर आली. अशी हुर्यो या गॅरेजमध्ये कुणाचीच उडाली नसेल. मी टेबलाला धरून उभा होतो. (इस्त्रीचं टेबल धरून उभं राहायला फारसं भरवशाचं नसतं.) नंतर बर्फ आणतो म्हणून मागच्या अंगणात गेलो आणि थोडा वेळ तिथेच थांबलो. परत आलो तर बर्फ कुठे आहे असं कुणी विचारलं नाही. जेराल्डीन एवढंच म्हणाली, "आता तरी नाव बदल, मेल्या." मी बदललं नाही.

पुढच्या वर्षी जाणार आहे.

गुडघ्याला जपा.

तुमच्या बहिणीचा नवरा,
लेस्टर

ता. क. किकर मी सगळ्यांना डिवचायला निवडला, असं तुम्हाला वाटेल. तसं मी आधी ठरवलं होतं खरं. पण नाव पुकारल्यावर मला वाटायला लागलं की पोरगा खरोखरच चांगला आहे. जेराल्डीनला सांगू नका.

आणखी ता. क. तुम्ही हल्ली दर रविवारी फोन करून "कसा आहेस रे बाळा" म्हणता. इतक्या वर्षांत मला तुम्ही बाळा म्हटलं नव्हतं. "तो जमीनमोजणीवाला" म्हणायचात, तेही मी शेजारी उभा असताना. कृपा करून पुढच्या रविवारपासून तसंच बोला. विषय हवा असेल तर देतो. तुम्ही स्वतः शिवून पाठवलेले स्वयंपाकघरातले पडदे मी काल गरम पाण्यात धुतले. आता ते अर्ध्या खिडकीपर्यंतच येतात. यावर तुम्हाला जे वाटेल ते, जेवढ्या मोठ्या आवाजात वाटेल तेवढ्या मोठ्या आवाजात बोला. मी फोन ठेवणार नाही.

कचऱ्याची गाडी उद्या सकाळी येते. पत्र लिहिताना मध्येच उठून डबा रस्त्याकडेला ठेवून आलो. वाऱ्याने झाकण उघडत होतं, त्यावर एक वीट ठेवली.