गारेतली काजळी

पारनेर,
६ जुलै २०२५

प्रिय दिपाली,

तुझा निकाल आला आणि आमच्या आठवीच्या वर्गाने शाळा डोक्यावर घेतली. बाकांचा आवाज ऐकून मुख्याध्यापक रागवायला आले, ते निकाल ऐकून तिथेच खुर्ची ओढून बसले. अकरा गावांतल्या गारा, आणि अकराही डब्यांत एकच गोष्ट. गाभ्यात दूरच्या वाळवंटातून वाऱ्यावर आलेली तांबूस धूळ आणि वरच्या थरांत आपल्याच मुलखातल्या धुराची काजळी. तुझा मेसेज मी जसाच्या तसा फळ्यावर उतरवला आणि एक कांदा आडवा चिरून मुलांपुढे धरला. गारही अशीच पापुद्र्यावर पापुद्रा चढत वाढते आणि ढगात जे जे भेटेल ते पोटात घेऊन खाली येते, एवढंच सांगितलं. पारनेरच्या पोरांना कांदा कसला समजावायचा, त्यांना एका मिनिटात कळलं. तीन वर्षांपूर्वी गारांनीच तुझं काम अडवलं होतं आणि आता गारांनीच ते सोडवलं. येत्या अठरा तारखेला तू प्रबंधाचा मसुदा घेऊन परीक्षकांसमोर उभी राहणार. मला इतका आनंद झालाय की समोर असतीस तर पाठीत दोन धपाटे घातले असते.

नगरच्या हॉस्टेलात आपण तीन वर्षं एका खोलीत काढली, तेव्हा तू गारा पडल्या की त्या खिशात घालून आत यायचीस आणि माझी गादी ओली करायचीस. पुढे तू पुण्याच्या प्रयोगशाळेत गेलीस, मी लग्न करून इथे विज्ञान शिकवायला लागले, आणि गादी भिजवून भागलं नाही म्हणून तू मला गारा गोळा करायला लावलंस. यंदाची तयारी तू पाहायला हवी होतीस. डबे शुद्ध पाण्याने तीनदा विसळायचे, असं तू कळवलंस. ते पाणी खेड्यात आणायचं कुठून, म्हणून आम्ही गॅरेजमधून बॅटरीत घालायचं पाणी आणलं. फेब्रुवारीपासून अकरा घरांत झाकण लावलेले डबे आणि हातमोजे तयार होते. डेअरीवाल्या वाल्मिकभाऊंनी आपला डीप फ्रीझर अर्धा रिकामा करून दिला. एप्रिलमध्ये गारपीट झाली त्या दुपारी डबे यायला लागले तेव्हा त्यांनी उरलेला अर्धाही रिकामा केला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या गारांपायी आमच्या कुल्फीचं सरबत झालं. पन ऱ्हाऊ द्या, कुल्फी काय कवाबी हुती." शेत झोडपलं गेलेली माणसंसुद्धा आधी डबा पोचवून मग नुकसान बघायला गेली. मी त्या दिवशी दोनदा रडले, एकदा आमचा कांदा बघून आणि एकदा डबे बघून.

एक नियम मात्र मी माझ्या मनाने घातला होता आणि तो तुला कळवला नाही. आमच्याकडे गारा सुरू झाल्या की चुलीवरचा लोखंडी तवा अंगणात पालथा फेकतात. त्याने गारा थांबतात म्हणे. मी अकराही घरी जाऊन सांगितलं की यंदा अंगणात तवा टाकायचा नाही. सगळ्यांत मोठं भांडण माझ्याच घरात झालं. माझ्या सासूबाई, लंकाबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तवा न्हाई टाकायचा, मंग गारा थांबायच्या कशा? तुजा फळा टाकू का भाईर?" शेवटी तह झाला. डबा पुढच्या अंगणात आणि तवा घरामागे. गारा आल्या तशा त्या तवा घेऊन परसात पळाल्या आणि येताना मला ऐकवून गेल्या, "गारंला काय पुढलं-मागलं दार कळतंय व्हय? थांबायचं तर थांबतीलच." दहा मिनिटांत थांबल्या. म्हातारी अजून त्याचं श्रेय घेते आणि तुझ्या निकालातही आपला वाटा आहे असं गल्लीत सांगते. तसा तो आहेच.

हा नियम मला का सुचला, हे तू विचारशील म्हणून आता सांगते. फोनवर सांगायला घेतलं असतं तर मी पुन्हा पळवाट काढली असती.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च. सासूबाई जामखेडला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या आणि मालक बाजारात. आमचा कांदा नुकताच काढून शेतात पडला होता, वर नुसती पात झाकलेली. मी तुझी स्टीलची परात अंगणात मांडून, हातमोजे घालून, अगदी शास्त्रज्ञ बाई होऊन बसले होते. पहिल्या गारा हरभऱ्याएवढ्या पडल्या. मग लिंबाएवढ्या पडायला लागल्या, पत्र्यावर दगडफेक व्हावी तसा आवाज, आणि मला एकदम शेतातला कांदा दिसला. दिपे, मी त्या वेळी विज्ञानाची शिक्षिका नव्हते. मी चुलीकडे धावले, तवा उचलला आणि अंगणात भिरकावला. ज्या रीतीवरून मी सासूबाईंना लग्नापासून चिडवत आले, तीच रीत मी कोणी न सांगता केली. तवा परातीच्या काठावर आदळला आणि वर्षानुवर्षांची काजळी परातभर पसरली. गारा थांबल्या नाहीत. काळे दाणे दिसले ते मी निवडून टाकले, उरलेल्या गारा त्याच काळ्या झालेल्या हातमोज्यांनी डब्यात भरल्या आणि तुला पाठवून दिल्या.

महिन्याभराने तू फोन केलास आणि विचारलंस, जया, यात एवढं लोखंड आणि एवढी काजळी कुठून आली? मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, कोणास ठाऊक. मला दोष द्यायचं तुला सुचलंच नाही. तू तुझ्या प्रयोगशाळेतली आम्लं टाकून दिलीस, भांडी बदललीस, आठवडेच्या आठवडे तीच तपासणी पुन्हा पुन्हा केलीस. तुझे सर म्हणाले की घरोघरच्या नमुन्यांवर भरवसा ठेवता येत नाही आणि तो सगळा भाग प्रबंधातून बाजूला काढायला लावला. दोन वर्षं गेली तुझी. दर फोनला मी ठरवायची की आज सांगायचं, आणि दर फोनला तू आधी माझ्या मुलीची चौकशी करायचीस. मला लाज वाटत होती. तवा टाकल्याची कमी, वर्गात पोरांना विचारा, तपासा, मग विश्वास ठेवा असं शिकवून स्वतः गप्प बसल्याची जास्त. यंदा मी अकरा गावं पायाखाली घातली ती त्या लाजेपोटी. पण निकाल आला तेव्हा लाज कुठच्या कुठे गेली, नुसता आनंद उरला, आणि आता सगळं सांगायला मला कशाचीच भीती वाटत नाही.

काल रात्री तू पाठवलेला प्रबंधाचा कच्चा मसुदा वाचून संपवला. पहिल्या वर्षाच्या नमुन्यांबद्दल तू लिहिलंयस, "प्रयोगशाळेतील हाताळणीत संशोधिकेकडून झालेल्या त्रुटीमुळे हे नमुने दूषित झाले." ते वाक्य खोड. तू काहीही चुकलेली नाहीस. या पत्रासोबत त्याच तव्याची खरवडलेली काजळी स्वच्छ बाटलीत बंद करून पाठवते आहे. तपास, म्हणजे ते लोखंड कुठून आलं ते तुझ्या यंत्रालाच दिसेल. तू तेव्हाही बरोबर मोजलं होतंस, इतकं बरोबर की एका घरातला एक तवा तुला पुण्यात बसून सापडला होता. हे पत्र सरांना दाखव, परीक्षकांनाही दाखव. आणि कोणी विचारलं की असं लिहून देणारी ही बाई कोण, तर मागे वळून बोट दाखव. अठरा तारखेला वाल्मिकभाऊंची गाडी ठरवली आहे. मी आणि सासूबाई शेवटच्या रांगेत बसलेल्या असू आणि विचारलं की मी उभी राहीन.

तुझीच,
जया