पंपघराच्या भिंतीवर मी

४ फेब्रुवारी
वसाहतीच्या पंपघराच्या भिंतीवर मी आहे. दोन माणसांच्या उंचीचं रंगवलेलं चित्र! कमरेवर हात, भुवया चढलेल्या, जणू वॉर्डात कुणी चिखलाचे बूट घालून शिरलंय. मला न विचारता. जन्मभर इस्पितळात मेट्रनकी केली ती काय रस्त्यावर टांगून घ्यायला?

समितीचा सचिव म्हणतो, "अहो बाई, मान आहे हा. शिवाय लोक तिथं कचरा फेकतात, ते तुम्हाला बघून थांबतील." म्हणजे बुजगावणं.

५ फेब्रुवारी
पुसून टाका, असा लेखी अर्ज दिला.

९ फेब्रुवारी
रहिवाशांची सभा. माझ्या तोंडावर मतदान! काही म्हणाले, राहू दे. काही म्हणाले, मुलं घाबरतात. निकाल काहीच नाही. शेजारीण मागे कुजबुजली, "घरातही अशीच बघत असणार. नवरा बिचारा लवकर सुटला." माझे कान शाबूत आहेत, हे ती विसरली.

चित्र काढणाऱ्या बाईला बाहेर गाठलं. जाब विचारला. म्हणाली, "माझी आई तुमच्या वॉर्डात होती. डॉक्टर येत नव्हते. तुम्ही त्यांना जेवणावरून उठवून आणलंत. तेव्हा तुमचा चेहरा असा होता. आई वाचली."

मला आठवत नाही. असे कितीतरी डॉक्टर उठवले.

१० फेब्रुवारी
सून म्हणते, "छानच आहे. अगदी तुम्ही, आई." तिच्याशी दिवसभर बोलले नाही.

१५ फेब्रुवारी
तिथला कचरा बंद झालाय. झाला असेल.

२० फेब्रुवारी
समितीने तोडगा काढला — पाट्या रंगवणाऱ्याकडून माझा चेहरा 'सौम्य' करून घेतला. भुवया उतरवल्या, गालांना खळ्या, ओठ गोडगोड. सचिव खुशीत: "आता कशा प्रेमळ आजी दिसता!" अंगाचा तिळपापड झाला. पुसा म्हटलं होतं, नटवा नव्हे. भिंतीवरच्या या गोडगोड बाईच्या सांगण्यावरून कुठला डॉक्टर ताटावरून उठला असता?

२१ फेब्रुवारी
भिंतीखाली पुन्हा कचऱ्याच्या पिशव्या. वर ती हसतेय.

२२ फेब्रुवारी
भर सकाळी गेले. सुनेने शिडी धरली. काळा रंग, जाड ब्रश. सचिव खालून ओरडत होता, "बाई, उतरा. भिंत विद्रूप केल्याची तक्रार होईल."

"खुशाल करा. तोंड माझं आहे."

डावी भुवई जरा जास्तच चढली. राहू दिली.