सासूबाईंच्या कोंबड्यांची सुधारणा

२ मार्च, सकाळ
आजपासून कोंबड्यांचा चार्ज माझ्याकडे. सासूबाई गेल्या महिन्यात वारल्या. त्यांच्या ठिपकेदार कोंबड्या हिनं आपल्या अंगणात आणल्या. जन्मभर निवडून निवडून जपलेला वाण म्हणे. ही मागच्या दारात बसून त्यांच्याशी आईबद्दल बोलत असते. मी सांगितलं, भावना ठीक आहेत, पण ब्रीडिंग हे मॅनेजमेंटचं काम आहे. ऑफिसनं माझ्या मॅनेजमेंटला मुदतीआधीच मोकळं केलंय, तेव्हा वेळही आहे.

५ मार्च
खुराक बदलला. नुसता मका. शिंपल्यांचा चुरा बंद. कोंबडीनं काय दगड खायचे? ही म्हणाली, आई रोज घालायची. मी म्हणालो, म्हणूनच प्रगती झाली नाही. ही उठून आत गेली. पटलं असावं.

१३ मार्च
कोंबड्या मस्त गरगरीत. अंड्यांची कवचं मात्र कागदासारखी. हिला समजावलं, पिल्लाला बाहेर पडायला सोपं जाईल.

१४ मार्च
अंडी कोंबड्यांनीच फोडून खाल्ली. स्वावलंबन!

२१ मार्च, दुपार
पिल्लं निघाली! माझ्याच देखरेखीखाली. (अंडी हिनं खुडूक कोंबडीखाली ठेवली होती, मी चार्ज घेण्याआधी. पण तो तांत्रिक मुद्दा.) आई गेल्यापासून ही आज पहिल्यांदा हसली. म्हणाली, ते पुढचं बघा, अगदी आईसारखं ठसक्यात चालतंय.

लगेच पिल्लं काढून घेतली. कोंबडीच्या पंखाखाली कसली आलीय हायजीन? लेकीच्या रिकाम्या खोलीत खोकं, वर बल्ब. कोंबडी दाराशी ओरडत बसली. डोकं उठलं. बादलीतल्या गार पाण्यात तिला चांगली बुचकळून काढली, तेव्हा गप्प झाली. ही म्हणाली, "अहो, आई आहे ती." मी म्हणालो, कोंबडी आहे.

२३ मार्च, रात्री
बल्ब बराच वर घेतला. उबेनं पिल्लं लाडावतात. लेकीच्या बाबतीत हीच चूक झाली, आता फोनसुद्धा करत नाही. परिणाम तत्काळ: सगळी पिल्लं एका कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर. काय ती एकी! ही म्हणाली, गारठलीत हो, बल्ब खाली घ्या. खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. प्रयोगात ढवळाढवळ नको.

२४ मार्च, सकाळ
खालची चेंगरून मेली. वरची थोडी जिवंत. म्हणजे सिलेक्शन आपोआप झालं. हिलाही तसं सांगितलं. ही आईच्या जुन्या साडीचा तुकडा फाडून त्यात एकेक गुंडाळत बसली. ठसक्यात चालणारंही त्यात होतं. मी सुचवलं, वर्तमानपत्र चाललं असतं.

२४ मार्च, संध्याकाळ
उरलेली पिल्लं हिनं परत कोंबडीखाली सोडली. कोंबडीनं टोचून हाकलली. मी म्हणालो, बघ, म्हणे आई! हिनं ती पदरात घेतली आणि शेगडीजवळ बसून राहिली. कृत्रिम ऊब शेवटी मान्य केली तर.

२९ मार्च
सकाळी मेहुणा टेम्पो घेऊन आला. मला वाटलं, माझी पद्धत बघायला. त्यानं कोंबड्या भरल्या. ही आतून बॅग घेऊन आली. मोठी बॅग. मी विचारलं, किती दिवस? ही म्हणाली, "खुराकाचं पोतं तेवढं आणून द्या." दिलं. मक्याचे फायदे मेहुण्याला सांगायला लागलो, तर त्यानं इंजिन चालू केलं. पुढच्या सीटवर ही, मांडीवर पिल्लांचं खोकं. म्हणाली, "हळू चालव रे, दचकतात." मग काच खाली करून मला म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय."

म्हणजे राग नाही. चार दिवसांत येईल.

२९ मार्च, दुपार
झाकण काढलं. एका वेळचंच आहे.